तीन तक्रारी, एक मूळ: एटीमेगा३२च्या पोर्ट सीचे चार मुके पाय

मांडणी

ठिबकाचे आठ व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडायचे, प्रत्येकी १० मिनिटं, एका वेळी एकच. या पेटीचं काम एवढंच. आत ४० पायांची एटीमेगा३२ ही मायक्रोकंट्रोलर चिप. तिच्या पोर्ट सीचे (आठ पायांच्या एका गटाचे) आठही पाय यूएलएन२८०३ या रिले चालवणाऱ्या चिपच्या आठ इनपुटना, यूएलएनच्या आउटपुटवर १२ व्होल्टचे आठ रिले, आणि रिलेच्या संपर्कांतून २४ व्होल्ट एसी सोलेनॉइड व्हॉल्व्हना. रिलेची कॉइल ४०० ओहमची, म्हणजे एका रिलेला ३० मिलिअँपिअर. चिपसाठी ५ व्होल्ट त्याच १२ व्होल्टवरून ७८०५ हा रेग्युलेटर लावून काढलेले. क्रिस्टल नाही, चिपच्या आतल्या ऑसिलेटरवरच भागवायचं ठरलेलं. कोड चढवायला यूएसबी-एएसपी बर्नर आणि संगणकावर एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअर.

नावांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो: पुढे पीसी० ते पीसी७ असं येईल ते पोर्ट सीच्या पायांबद्दल आहे. चिपच्या अंगावर हे पाय अनुक्रमे २२ ते २९ क्रमांकाचे आहेत.

तक्रारी ज्या क्रमाने आल्या

पहिली तक्रार कोड चढवतानाची. नवी कोरी चिप ब्रेडबोर्डवर लावली, बर्नरच्या वायरी जोडल्या: एमओएसआय (चिपकडे जाणारी माहिती) पाय ६ला, एमआयएसओ (चिपकडून येणारी माहिती) पाय ७ला, एससीके (या संभाषणाचं घड्याळ) पाय ८ला, रीसेट पाय ९ला. वायरी दोनदा तपासल्या, तरी एव्हीआरड्यूड एकच ओळ परत परत दाखवत राहिलं: ‘टार्गेट डझंट आन्सर’. मग बर्नरवरचा ‘स्लो एससीके’ जंपर जोडला आणि कोड लगेच चढला. समोरचं काम अडलेलं नसल्यामुळे हा जंपर का लागला, हा प्रश्न तिथेच सुटून गेला.

दुसरी तक्रार वेळेची. चाचणीसाठी एलईडी अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद असा कोड होता. एलईडी प्रत्यक्षात चार सेकंद चालू आणि चार सेकंद बंद राहत होता. यावर केलेला उपाय म्हणजे कोडमधल्या प्रत्येक विलंबाला आठाने भागलं. वेळ बरोबर आली, म्हणून हीही तक्रार मिटली असं धरलं गेलं.

तिसरी तक्रार मात्र अशी मिटेना. पोर्ट सीच्या आठ पायांना ३३० ओहमचा रेझिस्टर लावून आठ लाल एलईडी जोडले आणि एकेक पाय चालू-बंद केला. पीसी०, पीसी१, पीसी६ आणि पीसी७ व्यवस्थित चालले. मधले चार, म्हणजे पाय २४ ते २७, कोडला दाद देईनात. अंधार करून पाहिल्यावर पीसी२, पीसी३ आणि पीसी५वरचे एलईडी अगदी मंद, सतत पेटलेले दिसले. पीसी४वरचा पूर्ण विझलेला. एलईडी काढून यूएलएन२८०३ जोडल्यावर चित्र आणखी विचित्र झालं: वीज देताच तीन रिले एकदम ओढले गेले आणि कोड काहीही सांगत असला तरी तसेच चिकटून राहिले.

‘पोर्ट उडाला’ हा निदानाचा पहिला अंदाज. चिप बदलली. नव्या चिपचेही नेमके तेच चार पाय मुके. मग संशय ब्रेडबोर्डवर, म्हणून सगळं झिरो पीसीबीवर डाग देऊन उतरवलं. फरक शून्य.

चिप बदलूनही तेच पाय बंद राहिले, ही या प्रकरणातली सगळ्यात बोलकी खूण होती आणि तिच्याकडेच दुर्लक्ष झालं. जळण्याला असा नेम नसतो. दोन वेगळ्या चिपा शेजारशेजारच्या त्याच चार पायांवर त्याच पद्धतीने जळतील ही शक्यता जवळजवळ नाहीच. एकच दोष चिप बदलूनही आणि बोर्ड बदलूनही तसाच राहत असेल तर तो चिपच्या मांडणीत, म्हणजे फ्यूजमध्ये (हे जळणारे फ्यूज नव्हेत, चिपमध्ये कोडपासून वेगळे साठवलेले सेटिंगचे बिट), किंवा कोडमध्ये शोधावा. डाग गरम करण्याआधी हा विचार झाला असता तर एक दुपार वाचली असती.

एका १० किलोओहमने होणारी चाचणी

पाय खरंच जळलाय, कोड त्याला हाताळत नाहीये, की चिपचा दुसराच कुठला विभाग तो अडवून बसलाय, हे मल्टिमीटर आणि १० किलोओहमचा एक रेझिस्टर एवढ्यावर कळतं. नुसत्या एलईडीने ते कळत नाही, कारण एलईडी ‘पेटला’ किंवा ‘नाही पेटला’ एवढंच सांगतो.

पद्धत अशी. पायावरचा सगळा भार काढा: एलईडी, यूएलएन, वायर, सगळं. कोडमध्ये तो पाय आउटपुट करून एकदा कायम १ आणि एकदा कायम ० ठेवा. प्रत्येक वेळी तीन मोजमापं घ्या: मोकळ्या पायाचा व्होल्टेज, १० किलोओहम जमिनीला जोडून, आणि तोच रेझिस्टर ५ व्होल्टला जोडून.

निरोगी आउटपुट पायाला १० किलोओहमचं काहीच वाटत नाही. अर्धा मिलिअँपिअर म्हणजे त्याच्यासाठी नगण्य. १ असताना रेझिस्टर जमिनीला लावला तरी व्होल्टेज ५च्या जवळ राहतो, ० असताना ५ व्होल्टला लावला तरी शून्याजवळ.

या चिपवर पीसी२, पीसी३ आणि पीसी५ मोकळे असताना ५ व्होल्टच्या जवळ दिसतात, कोड १ सांगो की ०. रेझिस्टर जमिनीला लावताच व्होल्टेज एक-दीड व्होल्टपर्यंत कोसळतो. याचा अर्थ पायाला वर धरणारी शक्ती दुबळी आहे. ती आउटपुट ड्रायव्हरची नाही, आतल्या पुल-अप रेझिस्टरची आहे. एटीमेगा३२च्या पायांचा पुल-अप २० ते ५० किलोओहम असतो. १० किलोओहमबरोबर त्याची विभागणी केली तर ०.८ ते १.७ व्होल्ट येतात. मोजमाप त्याच पट्ट्यात पडतं.

पीसी४ वेगळा वागतो. मोकळा असताना मीटरवरचा आकडा स्थिर राहत नाही, रेझिस्टर जमिनीला लावला की शून्य, ५ व्होल्टला लावला की पाच. म्हणजे पाय पूर्ण अधांतरी, ना वर धरलेला ना खाली.

तीन पायांना पुल-अप आणि चौथा अधांतरी, हा ठसा थेट जेटॅगचा आहे. एटीमेगा३२मध्ये जेटॅग हा तपासणीचा विभाग पोर्ट सीच्या याच चार पायांवर बसतो: पीसी२वर टीसीके, पीसी३वर टीएमएस, पीसी४वर टीडीओ, पीसी५वर टीडीआय. पहिला, दुसरा आणि चौथा ही जेटॅगची इनपुट. जेटॅग चालू असेल तर त्यांचे पुल-अप रीसेटच्या काळातही चालूच राहतात. टीडीओ हे आउटपुट, पण माहिती बाहेर ढकलायची असेल तेव्हाच जागं होणारं, एरवी अधांतरी. जेटॅगने ताबा घेतला की त्या पायांवर डीडीआरसी (पाय इनपुट की आउटपुट हे ठरवणारं) किंवा पोर्टसी (पायावर १ की ० हे ठरवणारं) रजिस्टरचं काही चालत नाही.

मंद पेटलेल्या एलईडीचा उलगडाही इथेच होतो. पुल-अपमधून लाल एलईडीला सुमारे ०.१ मिलिअँपिअर मिळतो. दिवसाच्या उजेडात तो दिसत नाही, अंधारात दिसतो.

रिले चिकटून का राहिले, हा भाग जास्त गंभीर आहे. यूएलएन२८०३च्या इनपुटला नक्की बंद ठेवायचं तर त्यात जाणारा प्रवाह ५० मायक्रोअँपिअरच्या आत हवा. पुल-अपमधून यूएलएनला ७० ते १६० मायक्रोअँपिअर मिळू शकतात. आत दोन ट्रान्झिस्टरची डार्लिंग्टन जोडी असल्यामुळे एवढ्याशा प्रवाहावर ३० मिलिअँपिअरचा रिले ओढला जाऊ शकतो. चिपचा पुल-अप थोडा जास्त ओहमचा निघाला तर तोच रिले सुटलेलाही राहील. म्हणजे एकाच आराखड्याच्या दोन पेट्यांत एकीचे व्हॉल्व्ह कायम उघडे आणि दुसरीचे कायम बंद, असं होऊ शकतं.

इथे एक फसवी सारखी खूण आहे. डीडीआरसीमध्ये पाय आउटपुट करायचा राहिला आणि फक्त पोर्टसीमध्ये १ लिहिला, तरी पुल-अप चालू होतो आणि एलईडी तसाच मंद पेटतो. फरक ओळखायला सोपा आहे. डीडीआर विसरला असेल तर आठही एलईडी मंद असतील आणि पोर्टसीमध्ये ० लिहिला की विझतील. जेटॅग असेल तर फक्त तीन मंद, चौथा विझलेला, आणि कोड बदलून काहीही बदलणार नाही.

तिन्ही तक्रारींचं एकच मूळ

एटीमेगा३२ कारखान्यातून निघते तेव्हा तिचे फ्यूज ठरलेले असतात: लो फ्यूज ई१, हाय फ्यूज ९९. दोन्ही आकडे हेक्साडेसिमल. या दोन आकड्यांत तिन्ही तक्रारी लिहिलेल्या आहेत.

फ्यूजमध्ये ० म्हणजे ‘लागू’ आणि १ म्हणजे ‘लागू नाही’. नवख्या माणसाचा पाय सगळ्यात जास्त इथेच घसरतो. खिडकीतल्या चौकोनात टिक करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टिक म्हणजे बहुधा ‘लागू’, म्हणजेच बिट ०. आकड्यांत काम करताना हे उलटं वाटतं, म्हणून बिट कागदावर लिहूनच पाहावेत.

हाय फ्यूज ९९ म्हणजे १००१ १००१. डावीकडून क्रम असा: ओसीडीईएन, जेटॅगईएन, एसपीआयईएन, सीकेओपीटी, ईईसेव्ह, बूटएसझेड१, बूटएसझेड०, बूटआरएसटी. दुसरा बिट ०, म्हणजे जेटॅग चालू. नवीन चिपही याच अवस्थेत येते, म्हणून चिप बदलून काही झालं नाही.

लो फ्यूज ई१ म्हणजे १११० ०००१. पहिले दोन बिट बीओडीलेव्हल आणि बीओडीईएन, म्हणजे वीज घसरल्यावर रीसेट करणाऱ्या ब्राउन-आउट डिटेक्टरचे, पुढचे दोन सुरुवातीच्या विलंबाचे, शेवटचे चार सीकेसेल, म्हणजे घड्याळ कुठून घ्यायचं ते. ०००१ म्हणजे आतला ऑसिलेटर, १ मेगाहर्ट्झ.

कोडच्या प्रकल्पात एफसीपीयू, म्हणजे कोडने गृहीत धरायचा घड्याळाचा वेग, ८ मेगाहर्ट्झ असा दिलेला होता. विलंबाची फंक्शनं या आकड्यावरून किती चकरा मारायच्या ते ठरवतात. ८ मेगाहर्ट्झच्या हिशेबाच्या चकरा १ मेगाहर्ट्झवर चालल्या की वेळ बरोबर आठपट होतो, अर्ध्याचे चार सेकंद. पेटी अशीच शेतावर गेली असती तर १० मिनिटांच्या पाण्याला ८० मिनिटं लागली असती. विलंबांना आठाने भागून ही खूण पुसली गेली, एवढंच. वेळ अंदाजे चुकत असेल तर कारणं बरीच असू शकतात, पण नेमका आठपट किंवा सोळापट फरक दिसला तर तो जवळजवळ नेहमीच फ्यूजमधलं घड्याळ आणि एफसीपीयू यांच्यातला असतो.

आणि तो जंपर. एव्हीआरचं (एटीमेगा३२ ज्या कुटुंबातली, त्या चिपांचं) घड्याळ १२ मेगाहर्ट्झखाली असेल तर एससीकेचा वरचा आणि खालचा असा प्रत्येक भाग घड्याळाच्या दोन चकरांहून मोठा हवा. म्हणजे एससीके हा घड्याळाच्या चौथ्या भागापेक्षा कमी. १ मेगाहर्ट्झच्या चिपसाठी मर्यादा २५० किलोहर्ट्झ. यूएसबी-एएसपी मात्र मुळात ३७५ किलोहर्ट्झने बोलतो. वायरी बरोबर असूनही चिपला ते ऐकू येत नाही.

नव्या फर्मवेअरच्या बर्नरला एव्हीआरड्यूडमध्ये ‘उणे बी १०’ हा पर्याय दिला की तो ९३.७५ किलोहर्ट्झवर येतो. बऱ्याच स्वस्त बर्नरांत जुनं फर्मवेअर असतं; ते ‘कॅनॉट सेट एससीके पीरियड’ असा इशारा देतं आणि पर्यायाकडे दुर्लक्ष करतं. तिथे हार्डवेअर जंपरच लागतो. मूळ आराखड्यात तो जेपी३. स्वस्त बोर्डांवर अनेकदा तिथे पिना नसतात, फक्त दोन भोकं असतात. वायरचा तुकडा डाग देऊन लावावा. संगणकाला बर्नरच सापडत नसेल तर ती ड्रायव्हरची वेगळी गोष्ट आहे, तिचा याच्याशी संबंध नाही.

दुरुस्ती

आधी फक्त वाचायचं, काही लिहायचं नाही. भाग ‘एम३२’, बर्नर ‘यूएसबीएएसपी’, वेग ‘उणे बी १०’. सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, १ई ९५ ०२ आली पाहिजे. ती ०० ०० ०० किंवा एफएफ एफएफ एफएफ आली तर फ्यूजला हात लावू नये; जोडणी, वीज किंवा वेग यांत अजून दोष आहे. ५ व्होल्ट पाय १० आणि ३० दोन्हींना, जमीन ११ आणि ३१ दोन्हींना आहे ना, हे इथेच पाहून घ्यावं. लांब ब्रेडबोर्डाच्या कडेच्या वीजपट्ट्या कधीकधी मध्येच तुटलेल्या असतात, तेव्हा मीटर थेट चिपच्या पायावर टेकवावा, पट्टीवर नाही.

सिग्नेचर बरोबर आली की लो आणि हाय फ्यूज वाचून कागदावर लिहावेत. इथे ई१ आणि ९९च आले.

जेटॅग बंद करायला हाय फ्यूजचा दुसरा बिट १ केला: ११०१ १००१, म्हणजे डी९. बाकी सात बिट जसेच्या तसे. लिहिल्यावर परत वाचला, वीज बंद-चालू केली, आणि १० किलोओहमची चाचणी पुन्हा केली. चारही पाय निरोगी.

हेच काम कोडमधूनही होतं. एमसीयूसीएसआर रजिस्टरचा जेटीडी (जेटॅग बंद करणारा) बिट घड्याळाच्या चार चकरांच्या आत सलग दोनदा १ लिहायचा. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद असेल तर दोन लेखनांमध्ये जास्त सूचना घुसतात आणि ती मुदत हुकते, मग ‘ओळ लिहिली तरी चालत नाही’ अशी नवी तक्रार सुरू होते. ओळ अचूक लिहिली तरी या पेटीसाठी हा मार्ग चुकीचा आहे. वीज आल्यापासून ती ओळ चालेपर्यंत, आणि नवा कोड चढवताना चिप रीसेटमध्ये असते तेवढा वेळ, जेटॅगचे पुल-अप चालूच असतात. तेवढ्यात तीन व्हॉल्व्ह उघडू शकतात. पुढे-मागे कोड नसलेली रिकामी चिप बसली तर ते उघडेच राहतील. टेबलावरच्या एलईडीसाठी जेटीडी ठीक, पण पाणी, मोटर किंवा हीटर चालवणाऱ्या पायांसाठी फ्यूजच हवा. फ्यूज बंद असला की रीसेटमध्ये हे पाय अधांतरी राहतात आणि यूएलएनच्या आतले रेझिस्टर त्यांचं इनपुट खाली धरून ठेवतात. बाहेरून पुल-डाउन लावायची गरज उरत नाही.

घड्याळाचं काय करायचं? मोह ८ मेगाहर्ट्झ करण्याचा होतो: सीकेसेल ०१००, लो फ्यूज ई४. या कामाला त्याची गरज नाही. आठ रिले मिनिटांच्या हिशेबाने फिरवायला १ मेगाहर्ट्झ भरपूर आहे. शिवाय रीसेट होताच एटीमेगा३२ आपोआप १ मेगाहर्ट्झचंच कॅलिब्रेशन ऑसकॅल या ऑसिलेटरचा वेग जुळवणाऱ्या रजिस्टरमध्ये भरते. ८साठी ते वेगळं वाचून कोडमधून भरावं लागतं. ५ व्होल्ट आणि २५ अंशांला १ मेगाहर्ट्झची चूक ३ टक्क्यांच्या आत असते, म्हणजे १० मिनिटांत १८ सेकंद. ठिबकाला चालेल. पहाटे ठरलेल्या वेळी सुरू करायचं असेल तर मात्र आरटीसी (खरी वेळ राखणारं घड्याळ) मॉड्यूल हवं, त्याला पर्याय नाही. म्हणून घड्याळाचा फ्यूज तसाच ठेवून एफसीपीयू १ मेगाहर्ट्झ केला आणि आठाने भागलेले सगळे विलंब पूर्ववत केले. ही दुसरी पायरी विसरली तर १० मिनिटांचं पाणी सव्वा मिनिटात बंद होईल.

लो फ्यूजमध्ये एकच बदल केला, तोही घड्याळाबाहेरचा. रिले आणि पंप जवळ असल्यावर वीज डचमळते, आणि ५ व्होल्ट खाली घसरताना चिप अर्धवट भानावर राहून भलतंच करू शकते, ईईप्रॉममध्येही चुकीचं लिहू शकते. ब्राउन-आउट डिटेक्टर ४ व्होल्टला लावला: बीओडीलेव्हल ० आणि बीओडीईएन ०. म्हणजे ००१० ०००१, लो फ्यूज २१. आता वीज ४ व्होल्टखाली गेली की चिप सरळ रीसेटमध्ये जाते आणि सगळे व्हॉल्व्ह बंद होतात.

मध्येच एक चिप मुकी झाली

दोन फ्यूज एकापाठोपाठ लिहिताना आधीची आज्ञा वर आणून आकडा बदलला जातो, पण फ्यूजचं नाव बदलायचं राहतं. दुसऱ्या चिपवर तेच झालं. हाय फ्यूजसाठीचा डी९ लो फ्यूजमध्ये गेला. त्यानंतर ‘टार्गेट डझंट आन्सर’, जंपर लावूनही.

अशी चिप बहुतेक वेळा कचऱ्यात जाते, आणि ते वाईट वाटावं असं आहे, कारण ती मेलेली नसते, घड्याळाची वाट पाहत असते. एटीमेगा३२मध्ये रीसेटचा पाय बंद करणारा फ्यूजच नाही, आणि एसपीआयने (बर्नरच्या त्याच एमओएसआय-एमआयएसओ-एससीके वायरींनी) बोलत असताना, ते बोलणं चालू ठेवणारा एसपीआयईएन बंद करता येत नाही. म्हणून एसपीआयमधून झालेली फ्यूजची चूक योग्य घड्याळ मिळालं की परत फिरवता येते.

योग्य घड्याळ कोणतं, हे चुकून लिहिलेल्या आकड्यातच असतं. टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबून ती आज्ञा शोधावी. डी९ म्हणजे ११०१ १००१. शेवटचे चार बिट १००१, म्हणजे मनगटी घड्याळात असतो तो ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल. बंद पडलेल्या भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळातूनही तो निघतो, बारीक नळकांड्यासारखा. तो पाय १२ आणि १३ यांच्यात लावला, दोन्ही पायांपासून जमिनीला २२ पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर. आता एससीकेची मर्यादा ३२.७६८ भागिले ४, म्हणजे जेमतेम ८ किलोहर्ट्झ. स्लो जंपरचा वेगही साधारण ८ किलोहर्ट्झच आहे, म्हणजे अगदी कडेवर, त्यावर विसंबू नये. वेग बदलता येणारा बर्नर घेऊन ‘उणे बी ५००’, म्हणजे २ किलोहर्ट्झ ठेवला. आधी सिग्नेचर वाचली. ती आल्यावर फक्त लो फ्यूज २१ लिहिला आणि क्रिस्टल काढून टाकला. एवढ्या वेगाला कोड चढवायचा प्रयत्न करू नये, फार वेळ जातो.

चुकलेल्या आकड्याचे शेवटचे चार बिट ११११ असते तर ४ किंवा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि दोन २२ पिकोफॅरड पुरले असते. ०००० असते तर बाहेरून चौकोनी लहर पाय १३ला द्यावी लागली असती. अर्डुइनो उनोच्या ९ क्रमांकाच्या पायावर टायमर १ सीटीसी पद्धतीत, विभाजक १, ओसीआर१एमध्ये ७ आणि पाय टॉगल, एवढं केलं की तिथे १ मेगाहर्ट्झ मिळतो. दोन्ही बोर्डांची जमीन एकत्र जोडायला विसरू नये.

रिले परत जोडताना

यूएलएन२८०३चा पाय ९ जमिनीला आणि पाय १० थेट १२ व्होल्टला. पाय १० मोकळा राहिला तर आतल्या संरक्षक डायोडांना वाट मिळत नाही. रिले सुटताना उसळणारा व्होल्टेज यूएलएनवर येतो आणि चिपला रीसेट करत राहतो. इनपुट १ ते ८ आणि आउटपुट १८ ते ११ समोरासमोर आहेत, त्यामुळे पीसी०समोरचा रिले पाय १८वर. व्हॉल्व्हच्या बाजूला रिलेच्या संपर्कावर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी लावली. कपॅसिटर एसीसाठीच बनवलेला हवा.

पाणी जोडण्याआधीची शेवटची चाचणी कोड नसलेल्या चिपवर करावी. चिप पुसून रिकामी केली, पेटीला वीज दिली, आठही रिले सुटलेलेच राहिले. पाच वेळा वीज बंद-चालू करूनही एकही टक आवाज नाही. मग कोड चढवला आणि स्टॉपवॉच लावून पहिल्या व्हॉल्व्हची १० मिनिटं मोजली.

झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवली: ‘एटीमेगा३२. लो २१, हाय डी९. १ मेगाहर्ट्झ, क्रिस्टल नाही. बर्नर स्लो.’ उद्या विजेच्या कडकडाटात ही चिप गेली आणि कुणी दुकानातून नवी आणून सॉकेटात बसवली, तर ती ई१ आणि ९९ घेऊनच येणार आहे. तिच्यात कोड चढेल, चार व्हॉल्व्ह चालतील, तीन बहुधा उघडेच राहतील. चिठ्ठी वाचणाऱ्याने आधी हे दोन आकडे लिहावेत, मगच पेटीला १२ व्होल्ट द्यावेत.